आधी आईच्या तोंडाकडे: बाळ चेहरा वाचायला कसं शिकतं?

शिमग्यात सोंगं घेऊन नाचणारे खेळे घरोघर फिरत होते. आमच्या अंगणात ते आले तसा त्यांच्याबरोबर संकासुरही आला. गुहागरकडच्या गावांत ज्यांचं लहानपण गेलं आहे त्यांना तो वेगळा सांगायला नको. अंगभर काळे कपडे, झाकलेलं तोंड, कमरेला घुंगरं. माझी भाची आमच्याच वाडीत दिलेली आहे, तिचं घर गडग्यापलीकडे. ती तिच्या अकरा महिन्यांच्या मुलीला कडेवर घेऊन ओटीच्या पायरीशी उभी होती. घरात सगळे त्या मुलीला बाय म्हणतात.

घुंगरं वाजली तशी बायने मान वळवली. काळी आकृती बघून तिचे हात आखडले, खालचा ओठ पुढे आला. आता भोकाड पसरणार असं मला वाटलं. पण रडायच्या आधी तिने मान वर केली आणि आईच्या तोंडाकडे पाहिलं. भाची हसत होती. बायने पुन्हा संकासुराकडे पाहिलं, पुन्हा आईकडे. मग तिचे खांदे सैल झाले आणि तिने घुंगरांच्या दिशेने हात पुढे केला. पलीकडे शेजारच्या वैनी त्यांच्या नातवाला घेऊन उभ्या होत्या. संकासुर जवळ येताच त्याच दचकून दोन पावलं मागे सरल्या. नातवाने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग जे रडणं सुरू केलं ते खेळे पुढच्या घरी गेले तरी थांबेना.

रात्री भांडी आवरताना भाचीने विचारलं, "मावशी, माझं तोंड बघून हिला एवढं कळतं, तर पावसाळ्यात मी रडत होते तेपण हिला कळलं असेल काय गं?"

पावसाळ्यात बाय तीन महिन्यांची होती. नवरा मुंबईला, आठ-आठ दिवस पाऊस थांबेना, लाइट गेलेले, रात्रभर जागरण. भाची तेव्हा पुष्कळ रडली होती, हे आम्हांला नंतर कळलं. तिच्या प्रश्नाला त्या रात्री मला नीट उत्तर देता आलं नाही. ते शोधायला बसले, तेव्हा कळलं की या एका प्रश्नावर जगभर पन्नास वर्षं काम चाललेलं आहे आणि त्यातलं बरंचसं आपल्या घरातल्या रोजच्या गोष्टींवरून समजून घेता येतं.

जन्मल्या जन्मल्या किती दिसतं?

नवजात बाळाची नजर धूसर असते. साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचं त्याला त्यातल्या त्यात बरं दिसतं. अंगावर पाजताना आईचं तोंड आणि बाळाचं तोंड यांत जेवढं अंतर असतं, तेवढंच हे. त्यापलीकडचं जग म्हणजे भर पावसात एसटीच्या बंद खिडकीतून बाहेर बघावं तसं. माड आहे एवढं कळतं, झावळ्या मोजता येत नाहीत.

तरीही बाळाला चेहऱ्याची ओढ पहिल्या क्षणापासून असते. १९७५ साली अमेरिकेत गोरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस बाळांवर एक साधा प्रयोग केला. बाळं किती वयाची? जन्मून सरासरी नऊ मिनिटं झालेली. त्यांच्या डोळ्यांसमोरून डोक्याच्या आकाराची चित्रं हळूहळू फिरवली. एकावर डोळे, नाक, तोंड जागच्या जागी होतं, काहींवर तेच अवयव विस्कटून काढलेले, एक कोरं. जिथे सगळं जागच्या जागी होतं त्या चित्रामागे बाळांनी मान आणि नजर जास्त फिरवली. म्हणजे पाटी अगदी कोरी नसते. पण हा आनंद, हा राग असंही तिच्यावर लिहिलेलं नसतं. चेहरा दिसला की तिकडे बघ, एवढीच एक ओढ घेऊन माणूस जन्माला येतो. बाकीचं शिक्षण त्या बघण्यातून होतं.

आईला तरी बाळ चेहऱ्याने ओळखतं का? ओळखतं, पण आपल्याला वाटतं तसं नाही. तीन-चार दिवसांची बाळं अनोळखी बाईपेक्षा आईकडे जास्त वेळ बघतात. मात्र १९९५ मध्ये पास्कालिस आणि सहकाऱ्यांनी दोघींच्याही डोक्याला रुमाल बांधून केस झाकले, तेव्हा बाळांना फरक करता येईना. त्यांनी आई ओळखली होती ती केसांच्या कडेवरून, डोक्याच्या घेरावरून. नाकडोळे अजून हिशेबातच नव्हते. आपल्याकडे तर बाळंतिणीच्या कानाला वारा लागू नये म्हणून महिनाभर डोकं घट्ट बांधून ठेवतात. त्यात बाळाचं काही अडत नाही, कारण आईचा वास आणि आवाज त्याच्याजवळ असतातच. आवाजाचं तर पुढे फार मोठं काम आहे.

झोपेत सटवाई हसवते ते?

आठ दिवसांचं बाळ झोपेत गालात हसलं की आजी म्हणते, सटवाई हसवते. ते हसू पाहून सगळं घर हरखतं आणि हरखावंच. पण ते कुणाला बघून आलेलं नसतं. झोपेच्या एका टप्प्यात पापण्यांआड डोळे हलत असतात, तेव्हा स्नायू आपोआप हालून हे हसू उमटतं. माणसाकडे बघून, माणसासाठी हसणं साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होतं. ज्या आईने दीड महिना नुसतं रडणं ऐकलं आहे तिला ते पहिलं हसू म्हणजे काय असतं, हे तिलाच ठाऊक.

फरक दिसणं वेगळं, अर्थ लागणं वेगळं

या विषयातली खरी गाठ इथे आहे.

माझ्या आजोबांच्या पेटीत जमिनीचे काही जुने कागद आहेत, मोडी लिपीतले. मला मोडी येत नाही. पण कागद समोर धरला तर हे अक्षर आणि ते अक्षर वेगळं आहे, हे आणि ते सारखं आहे, एवढं मी नक्की सांगू शकते. मला अक्षरांतला फरक दिसतो, वाचता येत नाही. बाळाचं चेहऱ्यांबाबत काही महिने असंच असतं.

बोलता न येणाऱ्या बाळाला काय दिसतं हे कळतं कसं? त्याच्या कंटाळ्यावरून. एकच चित्र पुन्हा पुन्हा दाखवलं की बाळ बघणं कमी करतं. मग वेगळं चित्र दाखवायचं. त्याने पुन्हा टक लावली तर त्याला फरक कळला. हसऱ्या चेहऱ्याचा कंटाळा आल्यावर रागीट चेहरा दाखवला आणि बाळ पुन्हा बघू लागलं, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलं, म्हणून बाळांना भावना ओळखता येतात असं पुष्कळांनी मानलं.

१९८५ मध्ये कॅरन दांपत्याने आणि मायर्स यांनी एक खोच काढली. बाळ भावना बघतंय की दात? आनंदाच्या फोटोत माणूस दात दाखवून हसतो, रागाच्या फोटोत ओठ मिटलेले असतात. त्यांनी दात दिसणारे रागीट चेहरे आणि ओठ मिटून हसणारे चेहरेही बाळांना दाखवले. चार ते सात महिन्यांच्या या बाळांची नजर बहुतेक दातांवरच अडली होती. दात दिसतात की नाही हे त्यांना कळत होतं. माणूस खूश आहे की चिडलेला आहे, हे स्थिर फोटोवरून त्यांना लागत नव्हतं.

म्हणून "आमचं बाळ दोन महिन्यांचंच आहे, पण रागावलेलं लगेच कळतं हो त्याला" असं कुणी म्हटलं तर ते खोटं नसतं. फक्त बाळाला जे कळलं ते भुवयांवरून कळलेलं नसतं. आवाज वाढला, उचलणारे हात ताठ झाले, झोका जोरात बसला, या सगळ्याचं मिळून त्याला काहीतरी कळलं. घरात चेहरा कधी एकटा येत नाही, तो फोटोतच एकटा असतो.

आधी कान, मग डोळे

वेलदूरसारख्या बंदरावर वाढणारं पोर समुद्र वाचायला कसं शिकतं? कुणी त्याला पाटीवर लिहून देत नाही. पाण्याचा रंग बदलतो, त्याच वेळी आजोबांचा आवाज चढतो, माणसं धावतात, होड्या वर ओढल्या जातात आणि मग वारा सुटतो. असं दहा वेळा घडलं की अकराव्या वेळी नुसता पाण्याचा रंग बघून पोर घराकडे वळतं. पोराला रंगाचा अर्थ कळला तो आवाजामुळे आणि पुढे काय घडलं त्यामुळे.

बाळाच्या बाबतीत चेहरा हा पाण्याचा रंग आहे आणि आवाज ही आजोबांची हाक. आवाजाचं शिक्षण तर पोटातच सुरू झालेलं असतं. डीकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० मध्ये दाखवलं की तीन दिवसांच्या आतली बाळं आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून चोखणीवरची आपली चोखण्याची लय बदलतात. पुढे १९९९ मध्ये आणखी एक सुंदर गोष्ट पुढे आली. आनंदी सुरातलं बोलणं ऐकून नवजात बाळं डोळे जास्त उघडायची, पण ते बोलणं आईच्या भाषेतलं असेल तरच. परक्या भाषेतल्या आनंदी सुराला तसा प्रतिसाद नव्हता. म्हणजे मालवणीत हसणाऱ्या आईचं बाळ जन्मतानाच मालवणी हसण्याचा सूर कानात घेऊन येत असणार, असं मी धरून चालते.

चेहरा या आवाजाला हळूहळू जोडला जातो. समोर दोन चेहरे, एक आनंदी, एक रागीट, आणि मधून एकच आवाज. बाळ आवाजाशी जुळणाऱ्या चेहऱ्याकडे जास्त बघतं का, हे आर्लिन वॉकर-अँड्र्यूज यांनी तपासलं. १९८६ च्या प्रयोगात त्यांनी चेहऱ्याचा खालचा भाग झाकून टाकला, म्हणजे ओठांच्या हालचालीवरून अंदाज बांधायला नको. सात महिन्यांच्या बाळांना जोडी जमली, पाच महिन्यांच्यांना नाही.

याच अभ्यासकीने एका सहकारी संशोधिकेबरोबर २००१ मध्ये जे दाखवलं ते वाचून मी भाचीला लगेच फोन केला. साडेतीन महिन्यांच्या बाळांनाही ही जोडी जमते, चेहरा आणि आवाज आईचा असेल तर. अनोळखी बाईचा असेल तर जमत नाही. चेहरा वाचायची पहिली इयत्ता आईच्या किंवा जी कुणी बाळाला सांभाळते तिच्या तोंडावर होते. जगाचे चेहरे नंतर.

रांगायला लागल्यावर

सहाव्या-सातव्या महिन्यात बाळं भ्यालेल्या चेहऱ्याकडे हसऱ्या चेहऱ्यापेक्षा जास्त वेळ टक लावून बघू लागतात. त्याआधी असं नसतं. या वेळेला काय बदलतं ते कोणत्याही घरात दिसेल. बाळ सरकायला, रांगायला लागतं. कालपर्यंत त्याला चादरीवर ठेवलं की ठेवलं. आज ते चुलीकडे, विळीकडे, पायरीकडे निघतं, आणि ज्या घरात त्याच्याकडे बघून सगळे हसत होते तिथे पहिल्यांदा "ए, नको!" असा आवाज आणि त्याबरोबर भ्यालेलं, रागावलेलं तोंड त्याच्या वाट्याला येतं. जोसेफ कॅम्पोस या मानसशास्त्रज्ञाने हा धागा फार बारकाईने मांडला. बाळ रांगायला लागतं तसे घरच्यांचे चेहरेही बदलतात आणि त्या चेहऱ्यांना पहिल्यांदा काहीतरी ठोस अर्थ येतो.

काचेवरचं बाळ

संकासुराला बघून बायने जे केलं त्याला शास्त्रात सामाजिक संदर्भ घेणं म्हणतात. समोरच्या गोष्टीचं काय करायचं ते कळेना, तर विश्वासाच्या माणसाच्या तोंडाकडे बघून ठरवायचं. आपण मोठेही हे करतो. विमान हादरलं की आपण हवाई सुंदरीच्या तोंडाकडे बघतो. खाडीत होडी हेलकावली की तांडेलाकडे.

याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग १९८५ चा, सॉर्स, एम्डी, कॅम्पोस आणि क्लिनर्ट यांचा. एक मोठं टेबल, वर जाड काच. अर्ध्या भागात काचेला लागूनच चौकड्यांचं कापड, पुढच्या अर्ध्यात तेच कापड काचेखाली ३० सेंटीमीटर खोल. वरून बघणाऱ्याला वाटावं इथे पायरी आहे. वर्षाचं बाळ या टोकाला, आई त्या टोकाला खेळणं घेऊन. हा खोलपणा मुद्दाम अर्धवट ठेवलेला, धड भीती वाटू नये आणि धड खात्रीही वाटू नये इतका. बाळ कडेपाशी येतं, खाली बघतं आणि आईकडे बघतं. आईने बोलायचं नाही, फक्त ठरवून दिलेला चेहरा करायचा.

आई हसली तेव्हा १९ पैकी १४ बाळं काचेवरून पलीकडे गेली. आईच्या तोंडावर भीती होती तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. राग होता तेव्हा १८ पैकी दोन.

एक शब्द नाही, हाताची खूण नाही. आणि त्याच अभ्यासातली दुसरी बाजू मला जास्त मोलाची वाटते. खोलपणा काढून टाकला, काच सरळ सपाट दिसू लागली, तेव्हा बाळांनी आईकडे फारसं पाहिलंच नाही. ज्यांनी पाहिलं आणि ज्यांना भ्यालेला चेहरा दिसला, ती जरा थबकली, पण बहुतेक पलीकडे गेली. बाळ काही कळसूत्री बाहुलं नाही. त्याला स्वतःला खात्री असेल तिथे ते आईला विचारत नाही, शंका असेल तिथेच विचारतं. पडल्यावर लगेच न रडता आधी इकडेतिकडे कोण बघतंय ते शोधणारं पोर आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आपण त्याला नाटकी म्हणतो. ते नाटक नसतं, लागलं ते किती लागलं याचा अंदाज ते आपल्या तोंडावरून घेत असतं.

याच्या पुढची पायरी दीड वर्षाच्या सुमाराला येते. रेपाकोली आणि गॉपनिक यांनी १९९७ मध्ये मुलांसमोर दोन वाट्या ठेवल्या, एकीत खारी बिस्किटं, दुसरीत कच्ची ब्रोकोली. मुलांना अर्थात बिस्किटं आवडली. समोरच्या बाईंनी मात्र ब्रोकोली खाऊन आनंद दाखवला आणि बिस्किट खाऊन तोंड वाकडं केलं. मग हात पुढे करून म्हणाल्या, मला थोडं दे. चौदा महिन्यांच्या मुलांनी बिस्किटंच दिली. अठरा महिन्यांच्यांनी ब्रोकोली दिली. आपल्याकडे हाच प्रयोग कारल्याच्या भाजीवर करता येईल. मला नको असलेलं तुला हवं असू शकतं, हे चेहऱ्यावरून कळणं म्हणजे चेहरा खऱ्या अर्थाने वाचता येणं.

पण हे सगळं उपजतच असतं ना?

हा प्रश्न हमखास येतो. "मांजराच्या पिल्लाला कोण शिकवतं?" असं आमच्या शेजारच्या काकांनी मला ऐकवलंच. पुरावा म्हणून बाळ जीभ काढून दाखवतं त्याचं उदाहरणही देतात. नवजात बाळ समोरच्याची जीभ बघून जीभ काढतं, असा निष्कर्ष मेल्टझॉफ आणि मूर यांनी १९७७ मध्ये मांडला होता आणि तो पाठ्यपुस्तकांत गेला. २०१६ मध्ये शंभरावर बाळांचा काही आठवडे सलग अभ्यास झाला, त्यात नक्कल आढळली नाही. तो वाद अजून चालू आहे, त्यामुळे त्यावर इमारत बांधू नये.

ओढ उपजत, वाचन शिकलेलं, असं मानायला मात्र भक्कम कारणं आहेत. काही बाळांना दोन्ही डोळ्यांत जन्मतः मोतीबिंदू असतो. पहिले काही महिने त्यांना प्रकाशापलीकडे काही दिसत नाही, मग शस्त्रक्रिया होते आणि दृष्टी येते. कॅनडातल्या मॉरर आणि सहकाऱ्यांनी अशा मुलांना वर्षानुवर्षांनी तपासलं. नऊ-नऊ वर्षं डोळ्यांनी बघूनही दोन चेहऱ्यांत डोळे-तोंड यांच्यातलं अंतर जरा बदललं तर ते त्यांना इतरांइतकं ओळखता येत नव्हतं. सुरुवातीचे ते थोडे महिने वाया गेले, ते पूर्ण भरून निघाले नाहीत. म्हणूनच बाळाच्या बुबुळात पांढरट झाक दिसली तर वाट बघायची नाही.

दुसरा पुरावा वाचताना पोटात कालवलं. सेथ पोलॅक यांनी मारहाण सोसलेल्या मुलांचा अभ्यास केला. चेहऱ्याचं अस्पष्ट चित्र हळूहळू स्पष्ट होत जातं, ओळखलं की सांगायचं. ही मुलं राग इतरांपेक्षा फार आधी ओळखत, अगदी थोडं दिसलं तरी. त्यांच्या घरात राग वेळेत ओळखणं ही गरज होती. ज्या घरात जे चेहरे रोज दिसतात त्यांचं वाचन तिथल्या पोरांना पक्कं होतं.

सगळ्या जगात चेहरे सारखेच असतात का?

यावर अभ्यासकांत उघड दोन तट आहेत. पॉल एकमन यांनी पापुआ न्यू गिनीतल्या दुर्गम वस्त्यांत फोटो दाखवून मांडलं की काही मूळ भावनांचे चेहरे सगळीकडे एकच. लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या बाजूचे अभ्यासक म्हणतात की रागावलेला माणूस दर वेळी भुवया आवळतोच असं नाही, आणि एकाच चेहऱ्याचा अर्थ प्रसंगाप्रमाणे बदलतो. आपल्याला हे फार नवं वाटू नये. नाट्यशास्त्रात आठ स्थायीभाव सांगितले आहेत, पण नुसता चेहरा केला की रस निर्माण होतो असं तिथेही म्हटलेलं नाही. प्रसंग लागतो, अंगाच्या हालचाली लागतात, आवाज लागतो. दशावतारात राक्षस डोळे वटारून येतो तेव्हा मागे मृदंग आणि झांज नसेल तर ते डोळे किती भिववतील? बाळाच्या शिक्षणाकडे बघता मला दुसऱ्या तटाचं म्हणणं अधिक पटतं.

मोबाइलचं काय करायचं?

दोन वेगळे प्रश्न इथे एकमेकांत मिसळले जातात. एक, बाळाने स्क्रीन बघावा का. दुसरा, बाळासमोर आपण स्क्रीनमध्ये किती असतो.

पहिल्याला सरळ उत्तर आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, अपवाद नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा. कोकणासाठी हा अपवाद फार मोठा आहे. इथल्या किती घरांत बाप मुंबईला, नाहीतर बोटीवर असतो आणि बाळाला तो आधी हातभर काचेतच दिसतो. कार्टून आणि व्हिडिओ कॉल यांत फरक उत्तराचा आहे. बाळ ओरडलं की कार्टून थांबत नाही, बाप थांबतो. बाळ हसलं की तो हसतो. बाळाला चेहऱ्याचा अर्थ या देवाणघेवाणीतून लागतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला जरा जड आहे. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेला स्तब्ध चेहऱ्याचा प्रयोग असा: आई बाळाशी नेहमीसारखी खेळते. मग दोनएक मिनिटं ती बाळासमोरच बसते, त्याच्याकडे बघते, पण तोंडावर काहीही आणत नाही. बाळ आधी हसतं. उत्तर येत नाही. मग हात पुढे करतं, बोट दाखवतं, किंचाळतं. तरीही काही नाही, तेव्हा मान फिरवतं, अंग आक्रसतं, रडतं. आई रागावलेली नसते, ओरडलेली नसते. तिचं तोंड नुसतं उत्तर देत नसतं.

फोनमध्ये गुंतलेलं तोंड बरंचसं असंच दिसतं. मी हे कुणा आईला टोचण्यासाठी लिहीत नाही. दिवसभर एकटी बाळ सांभाळणारी बाई दहा मिनिटं फोन बघते, तो तिचा विसावा असतो, तो तिला मिळायलाच हवा. प्रश्न दहा मिनिटांचा नाही, दिवसाचा आहे. आणि तो एकट्या आईचा नाही. पूर्वी पडवीत बाळ ठेवलं की आजी, आत्या, शेजारीण, येणारा-जाणारा पोस्टमन, सगळ्यांची तोंडं त्याला उत्तर द्यायची. ती तोंडं कमी झाली आणि सगळा भार एका बाईच्या चेहऱ्यावर आला.

"मी रडत होते ते हिला कळलं असेल काय?"

चार्ल्स डार्विन यांनी आपल्या थोरल्या मुलाच्या बाळपणाच्या नोंदी ठेवल्या होत्या, त्या १८७७ मध्ये छापल्या. मूल सहा महिने अकरा दिवसांचं असताना त्याच्या दाईने रडायचं सोंग केलं. बाळाचं तोंड उतरलं, ओठांची टोकं खाली आली. डार्विन यांनी त्याला सहानुभूती म्हटलं. १९८७ मध्ये दहा आठवड्यांच्या बाळांवरही असा अभ्यास झाला. आईने चेहरा आणि आवाज दोन्ही आनंदी केले तेव्हा बाळं खुलली. दोन्ही दुःखी केले तेव्हा ती ओठ चोखू लागली, जणू स्वतःला शांत करावं तसं.

तेव्हा भाचीला मी खरं तेच सांगितलं. हो, काहीतरी बदललं आहे हे तिला जाणवलं असेल. पण आई दुःखी आहे, माझ्यामुळे दुःखी आहे, असं तिला कळलं नसणार. तीन महिन्यांच्या बाळाकडे त्या अर्थापर्यंत जायची वाट अजून तयार झालेली नसते. तिने सूर बदललेला ऐकला, उत्तर उशिरा येतंय हे अनुभवलं.

"मग मी तिच्यासमोर रडायलाच नको होतं का?"

नाही. ट्रॉनिक यांच्याच पुढच्या कामातून दिसतं की अगदी छान नातं असलेल्या आई-बाळातही सूर जुळलेला वेळ थोडा असतो, साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून कमी. बाकी सगळा वेळ सूर चुकतो, मग पुन्हा जुळतो. बाळाच्या कामी येतं ते हे पुन्हा जुळणं. रडून झाल्यावर डोळे पुसून आईने बाळाला घेतलं, दोन शब्द बोलली, की बाळाच्या खात्यात एक मोठी गोष्ट जमा होते: तोंड उतरतं आणि परत उजळतंही.

न उजळणारं तोंड ही वेगळी गोष्ट. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, बाळाकडे बघून काहीच वाटत नसेल, झोप मिळूनही झोप लागत नसेल, तर तो स्वभाव नाही आणि नाटकही नाही, तो उपचाराने बरा होणारा आजार असू शकतो. आशाताईंना सांगावं, प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगावं. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलते. आमच्या भाचीला हे त्या पावसाळ्यात कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही गडग्याच्या अलीकडे होतो आणि आम्हांलाही सुचलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आणखी एक. बाळ तीन महिन्यांचं होऊनही माणसाकडे बघून हसत नसेल, किंवा आधी डोळ्यांत बघणारं बाळ बघेनासं झालं असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. घाबरून नव्हे, पण "आमच्याकडे सगळे उशिराच हसतात" असं म्हणून टाळूनही नव्हे.

मे महिन्यात जावई आठ दिवसांची रजा काढून आले. गणपतीत आले होते तेव्हा बाय पाच महिन्यांची होती, त्यानंतर सगळी भेट फोनवरच. पाखाडी चढून ते अंगणात आले तेव्हा बाय आईच्या मांडीवर ओटीवर बसली होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, आक्रसली आणि लगेच आईच्या तोंडाकडे वळली. भाची हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. बाय बराच वेळ त्या तोंडाकडे बघत राहिली, तिला काही लागेना. मग जावयांनी पिशवी खाली ठेवली आणि फोनवर मारतात तशी हाक मारली, "बाय गो!" तशी तिने आवाजाकडे मान वळवली.